नवव्या मजल्यावरची जमीन

"चांगला गोल्फ कोर्स बांधत नाहीत, राऊळकाका. तो सापडतो," कादंबरी तळपदे म्हणाली. "जमिनीवर आपण काही लादायचं नाही. जमिनीलाच विचारायचं, बाई गं, तुझ्यात होल कुठे आहे?"

लवू राऊळनं पायाखालच्या सिमेंटच्या स्लॅबकडे बघितलं.

"मॅडम, जमीन आठ मजले खाली आहे. मध्ये सातशे गाड्यांचं पार्किंग आहे. तिला विचारायचं कसं, भोंगा लावून?"

कादंबरीला हसू आलं नाही, कारण ती रडायच्या बेतात होती. शिवाजी पार्कात वाढलेली, स्कॉटलंडला जाऊन गोल्फची मैदानं आखायला शिकलेली ही पस्तिशीची मुलगी. तिथे समुद्राकाठचे वाळूचे डोंगर असतात, त्यांच्या चढउताराला धक्का न लावता माणसं शेकडो वर्षं खेळतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि इथे लोअर परळला तिच्या वाट्याला आलेला निसर्ग म्हणजे नवव्या मजल्यावरची एक गच्ची. बिल्डर लोक तिला पोडियम म्हणतात. गच्ची म्हटलं की वाळवणं आठवतात, पोडियम म्हटलं की गिऱ्हाईक येतं.

टॉवरचं नाव स्कायग्लेन. बासष्ट मजले. जाहिरातीत छापलेलं, "निसर्गानं घडवलेल्या उंचसखल भूमीवरचा गोल्फ कोर्स, तुमच्या लिफ्टपासून दोन मिनिटांवर." हे ज्यानं लिहिलं त्यानं निसर्ग मोबाइलच्या वॉलपेपरवरच पाहिलेला असणार.

या जागेवर पूर्वी हिराजी चाळ होती. लवू तिथेच जन्मला. चाळ पाडली आणि चाळकऱ्यांना मागच्या बाजूला बावीस मजल्यांच्या एका डब्यात भरलं. त्या डब्याचं नाव आर विंग. टॉवर आणि आर विंग यांच्यामध्ये एवढीच फट की नवव्या मजल्यावरच्या बाईनं खिडकीतून कालवणाची वाटी पुढे केली, तर पोडियमवरच्या माणसाला ती घेता यावी. फक्त पोडियमवर आर विंगच्या माणसाला मज्जाव. बघायला बंदी नव्हती, कारण खिडक्यांना कुलूप लावायची आयडिया अजून कुणाला सुचली नव्हती.

लवूला आत घेतलं ते कामासाठी. उपनगरातल्या एका बड्या क्लबात त्यानं चौतीस वर्षं गोल्फच्या मैदानाची माळीगिरी केली होती. त्यातली वीस वर्षं त्याच्याकडे एकच जबाबदारी होती, होल पाडायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, गोल्फचा होल एकदा पाडला की पाडला. तसं नसतं. रोज पहाटे जुना होल बुजवायचा आणि हिरवळीवर नवी जागा हेरून तिथे कटर दाबून नवा पाडायचा, नाहीतर एकाच जागी पाय पडून गवत मरतं. ती जागा कुठली, हे ठरवायचा लवू. पावसानं कुठे ओल धरलीय, उतार कुठे फसवतोय, काल कुठला मेंबर आपल्यावर खेकसला, हे सगळं मनात धरून तो जागा काढायचा. मग आठ वाजता मोठमोठे साहेब घाम पुसत ओरडायचे, "आज हा होल कुणी पाडलाय?" लवू झुडपामागे खुरपं घेऊन बसलेला असायचा. तेवढाच त्याचा बोनस.

पण चौतीस वर्षांत त्यानं एक चेंडू मारला नव्हता. नोकरानं काठीला हात लावायचा नाही, असा नियम होता. एकदा साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या एका कॅडीनं गंमत म्हणून काठी फिरवली, तर दुपारपर्यंत त्याचा हिशोब करून त्याला गेटाबाहेर काढला. लवूला चोरून मारता आला असता. पहाटे मैदानात तो आणि कावळे, दुसरं कोण असायचं? पण चोरून मारायचा तर मग त्यात काय राहिलं? त्याला मारायचा होता तो सगळ्यांच्या देखत.

हे दुःख फक्त त्याच्या बायकोला, शकूला ठाऊक होतं. बाकी आर विंगला तो गोल्फवाला लवू. एवढी वर्षं तिथे काढली म्हणजे खेळत असणारच, असं सगळे धरून चालले होते, आणि लवूनंही कधी त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केली नव्हती.

तर कादंबरी रडायच्या बेतात का होती? तिनं कॉम्प्युटरवर सुंदर टेकड्या काढल्या होत्या. पण इंजिनिअरनं सांगितलं, या स्लॅबवर दीड फुटापेक्षा जास्त माती टाकाल तर कोर्स थेट पार्किंगमध्ये जाईल. झाल्या टेकड्या रद्द. उरली सपाट गच्ची.

"सपाट?" लवू म्हणाला. "कोण म्हणतो सपाट? मॅडम, परवा वॉटरप्रूफिंगवाले इथे पाणी भरणार आहेत. ते सोडतील त्या दिवशी या तुम्ही. येताना चिवडा गल्लीतून दोन किलो कुरमुरे आणा."

"कुरमुरे?"

"खायला नाही."

गळती कळावी म्हणून विटांचा बांध घालून स्लॅबवर पाणी कोंडतात. तसं ते कोंडलं. दोन दिवसांनी सोडायच्या वेळी लवूनं बांध फोडला आणि पाण्यावर मूठमूठ कुरमुरे फेकले. कुरमुरे निघाले. आणि निघाले ते काय झोकात! कंत्राटदारानं स्लॅब ओतताना जिथे जिथे चोरी केली होती, ती सगळी त्या कुरमुऱ्यांनी उघडी पाडली. मधोमध स्लॅबला खालच्या बाजूला पोट आलं होतं, तिथे येऊन कुरमुरे गोल गोल फिरायला लागले. पूर्वेला एक लांबलचक उतार होता, त्यावरून ते शाळा सुटल्यासारखे पळाले. पश्चिमेच्या कोपऱ्यात खालच्या मोठ्या तुळईमुळे उंचवटा आला होता, उलट्या घातलेल्या तव्यासारखा. तिथे टाकलेला कुरमुरा चारी दिशांपैकी कुठेही जाई, पण थांबत म्हणून नसे.

कादंबरीनं बूट काढले. जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून ती पाण्यात उतरली आणि पाणी ओसरेल तशा खडूनं रेघा मारत सुटली. "काका, हे तर टेरेन आहे! खरंखुरं!"

"कंत्राटदाराची कृपा," लवू म्हणाला. "निसर्ग नाही तर नाही, भ्रष्टाचारानं तरी घडवलंय."

दोघांनी मिळून चार दिवसांत सहा होल शोधले. मातीचा थर सगळीकडे सारखा टाकायचा, म्हणजे स्लॅबचा प्रत्येक वाकडेपणा वर गवतात जसाच्या तसा उमटेल. पहिला होल पूर्वेच्या उतारावर. तिसरा पोटात. चौथ्याच्या वाटेत पार्किंगचा धूर वर फेकणारा भलाथोरला पंखा. तो सुरू झाला की चेंडू हवेत दोन हात सरकायचा. "स्कॉटलंडला समुद्राचा वारा असतो," कादंबरी म्हणाली. "आमच्याकडे डिझेलचा," लवू म्हणाला. आणि सहावा, शेवटचा, उलट्या तव्यावर.

काम संपत आलं तेव्हा कादंबरीनं विचारलं, "काका, जाहिरातीत नाव माझं छापणार आहेत. मला लाज वाटते. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

लवूनं आधी गवतावरचा एक खडा उचलला, खिशात टाकला. मग म्हणाला, "या कोर्सवर होलात पडणारा पहिला चेंडू माझा. उद्घाटनाच्या दिवशी. सगळ्यांच्या देखत. बाकी नाव, पाटी, शाल काही नको."

"दिला शब्द," कादंबरी म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.

त्या संध्याकाळी लवूनं आयुष्यातली मोठी चूक केली. तो लिफ्टमध्ये बोलला. आर विंगच्या लिफ्टमध्ये बोललेलं आणि नोटीस बोर्डावर लावलेलं यात फरक एवढाच की नोटीस कुणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी दहाव्या मजल्यावरचा जयवंत, जो चाळीत असल्यापासून लवूच्या खोड्या काढत आला होता, त्यानं जाहीर केलं की रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्येकानं खिडकी गाठायची. आपला लवू शेठ लोकांना गोल्फ शिकवणार आहे.

"अख्ख्या बिल्डिंगीक सांगून इलात," शकू कोलंबी सोलता सोलता म्हणाली. "काठी कशी धरूची, ता तरी तुमका ठावक आसा काय?"

"चौतीस वर्षं बघितलंय."

"मी पण पंचवीस वर्षं टीव्हीवर विमान बघतंय. उडवू काय?"

लवू बाल्कनीत गेला. बाल्कनी म्हणजे ग्रिल, पण माणूस जाणार कुठे?

शनिवारी दुपारी कादंबरी आली तीच मान खाली घालून. तिच्या हातात सोनेरी पत्रिका होती. उद्घाटन टॉवरचे बिल्डर श्री. हितेंद्रशेठ यांच्या शुभहस्ते. अकरा एकवीस ते अकरा अडतीस हा मुहूर्त. गुरुजींनी सांगितलं होतं की तेवढ्या वेळात शेठच्या हातचा चेंडू होलात पडला तर टॉवरचे उरलेले फ्लॅट दिवाळीआधी जातील. स्टेज सहाव्या होलाशेजारी. आणि आर विंगच्या कामगारांनी सर्व्हिस लिफ्टनं यायचं, गणवेशात, आणि पंख्यामागे उभं राहायचं.

"मी भांडले, काका. खरंच भांडले. ते म्हणाले, माळ्याला स्टेजवर घेऊन मुहूर्त बिघडवू का?"

लवूनं फक्त विचारलं, "उद्याचे होल मीच पाडायचे ना?"

"म्हणजे काय? तुमच्याशिवाय कोण?"

"मग ठीक आहे."

इथे कुणी लवूला साधाभोळा समजू नये. रविवारी सकाळी सहाला तो जे करून आला ते पूर्ण शुद्धीत, पूर्ण खुनशीपणानं करून आला. उलट्या तव्याच्या ज्या कडेवर गवताचं पातंसुद्धा वाकून खाली बघतं, तिथे त्यानं कटर दाबला. वीस वर्षांत त्यानं आपल्या वैऱ्यासाठीही असा होल पाडला नव्हता. हेतू सरळ होता. शेठ जाऊ दे, शेठचा बाप आला तरी इथे चेंडू पडता कामा नये.

अकरा वाजता पोडियम माणसांनी भरला. स्कॉटलंडचं वातावरण पाहिजे म्हणून लग्नातल्या बँडवाल्यांना चौकटीचे घागरे नेसवले होते, आणि ते बिचारे पंख्याच्या वाऱ्यात घागरा धरू की क्लॅरिनेट धरू, अशा पेचात होते. समोर आर विंगच्या खिडक्या गच्च. ग्रिलला टेकून माणसं, माणसांच्या खांद्यावर पोरं, काही ठिकाणी चहा. लवू पंख्यामागे निळ्या गणवेशात उभा.

"लवू कुठे दिसत नाय रे," जयवंतचा आवाज आला.

"तो काय, पंख्यामागे. लपलाय!"

लवूचे कान तापले.

अकरा एकवीसला हितेंद्रशेठ पुढे आले. साठीचा माणूस, गुलाबी टोपी, गुलाबी टीशर्ट, पोट इतकं की खाली ठेवलेला चेंडू त्यांना फक्त ऐकीव माहितीवर मारायचा होता. धोका नको म्हणून चेंडू होलापासून चार फुटांवर ठेवला होता. गुरुजींनी अक्षता टाकल्या. शेठनी मारला.

चेंडू होलाकडे गेला, होलाला वळसा घातला आणि परत येऊन शेठच्या बुटाला लागला.

खिडक्यांतून हसू फुटलं. शेठही हसले. दुसऱ्यांदा मारला. तो डावीकडून उतरून गटाराच्या जाळीवर जाऊन बसला. तिसरा जोरात मारला, तो बँडवाल्याच्या घागऱ्याखाली गेला आणि तो काढायला कुणी तयार होईना. चौथा, पाचवा, सहावा. टाळ्या वाजवायला हात वर केलेले पाहुणे हात तसेच धरून उभे. गुरुजी घड्याळ बघत होते. अकरा एकतीस.

"कुणी पाडलाय हा होल?" शेठ ओरडले.

लवूच्या अंगावरून मोरपीस फिरलं.

तेवढ्यात कादंबरीनं निवेदिकेच्या हातातला माइक ओढून घेतला. इतके दिवस या बाईनं चारचौघांत आवाज चढवला नव्हता, त्यामुळे पहिलं वाक्य फाटकंच आलं. "हा होल... हा कोर्स राऊळकाकांचा आहे. लवू राऊळ. स्लॅबवर पाणी सोडून त्यांनी तो शोधला, मी फक्त रेघा मारल्या. पहिला चेंडू त्यांचा, असा मी शब्द दिला होता. सर, इथली चाल फक्त त्यांनाच माहीत आहे."

आर विंगनं ताटं वाजवली.

शेठनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी सात बोटं दाखवली, सात मिनिटं. "अरे बोलाव त्याला," शेठ म्हणाले. "ए, चल, रस्ता दाखव. नुसता दाखव, मग मी मारतो."

लवू पंख्यामागून निघाला. तीस पावलं होती. काठी हातात घेतली तेव्हा पहिली गोष्ट त्याला कळली ती ही, की ती दिसते त्यापेक्षा हलकी असते. इतकी वर्षं तो समजत होता की जड असेल.

रस्ता त्याला पाठ होता. होलाकडे पाठ करायची, चेंडू सरळ पंख्याच्या दिशेनं चढावर पाठवायचा, वरून तो स्वतःच वळतो आणि कडेकडेनं येऊन होलात पडतो. लवू होलाकडे पाठ करून उभा राहिला.

"काका, उलटे उभे राहिलात!" वरून कुणीतरी ओरडलं.

लवूनं मारला. रस्ता बरोबर होता, हात चुकला. चेंडू चढाच्या अर्ध्यावर दमला आणि मुकाट्यानं पायाशी परत आला. दुसरा जोरात गेला आणि थेट पंख्याच्या जाळीवर आपटला. तिसऱ्या वेळी काठी चेंडूला लागलीच नाही, गवताचा तुकडा उडाला. तेच गवत, जे त्यानं स्वतः हातानं लावलं होतं.

वर धरलेली ताटं खिडक्याखिडक्यांतून खाली आली. मग दहाव्या मजल्यावरून जयवंत बोलला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, खरोखरचं आश्चर्य होतं.

"अरे लवू, चौतीस वर्षं तिथे केलंस काय रे मग?"

लवूनं वर बघितलं. प्रत्येक ग्रिलमागे ओळखीचं तोंड. शकू चौदाव्या मजल्यावर, पदराचं टोक दातात धरून.

"गवत कापलं!" तो ओरडला. माइकची गरज नव्हती. "गवत कापलं, होल पाडले, साहेबांचे हरवलेले चेंडू गुडघाभर चिखलात उतरून शोधले! एक चेंडू मारू दिला नाही भडव्यांनी! एक! आयुष्यात पहिल्यांदा मारतोय आज, कळलं? आता गप बस आणि बघ!"

बँडवाल्यांपैकी एकानं घागरा सोडून कपाळाला हात लावला.

"बस झालं, दे इकडे," शेठ म्हणाले आणि काठीला हात घातला. लवूनं ती सोडली नाही. शेठनी सिक्युरिटीकडे बोट केलं. सिक्युरिटीतला राजेश आर विंगच्या सतराव्या मजल्याचा. तो एकाएकी शेजारच्या कुंडीतल्या झाडाला पाणी घातलंय की नाही, ते निरखायला लागला. पाहुण्यांचे मोबाइल वर. कादंबरी शेठच्या आणि लवूच्या मध्ये येऊन उभी राहिली. "सर, सगळे शूट करतायत. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काठी हिसकावताना चांगलं दिसणार नाही."

शेठनी हात काढला आणि चेहऱ्यावर हसू चिकटवलं.

चौथा. पाचवा. आता आर विंगमधून सल्ले सुरू झाले होते. "हळू रे!" "मनगट मोकळं सोड!" "कॅरमसारखा मार, रिबाउंड!" सहावा होलाच्या ओठापर्यंत आला, आत डोकावला आणि निघून गेला. "कुठल्या हलकटानं पाडलाय हा होल!" लवूच्या तोंडून निघालं, आणि मग त्याचं त्यालाच इतकं हसू आलं की सातवा मारताना काठी थरथरली. अडतीस होऊन गेले. गुरुजींनी पोथी बंद करून पिशवीत ठेवली. शेठचं चिकटवलेलं हसू एका बाजूनं सुटत चाललं होतं. पाहुण्यांनी चोरून एकेक समोसा उचलायला सुरुवात केली.

नववा.

लवूनं पंख्याकडे तोंड केलं. आता त्याला हातांना काही सांगायला लागलं नाही. चेंडू चढावर गेला, दमायच्या बेतात असताना वळला, तव्याच्या कडेवरून असा सावकाश चालत आला जसा एखादा पेन्शनर पेपर आणायला निघतो. लवू होलाकडे पाठ करूनच उभा होता. त्यानं वळून बघितलं नाही. चेंडू पडल्याचा आवाज चौतीस वर्षं त्यानं झुडपामागून ऐकला होता. तो ओळखायला डोळे लागत नाहीत.

टक.

आर विंग फुटली. ताटं, शिट्ट्या, प्रेशर कुकरची झाकणं. पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या, काहींनी समोसा हातात ठेवून. बँडवाल्यांना वाटलं, उद्घाटन झालं, त्यांनी वरातीची धून लावली.

"अवो, चेंडू पडलो!" शकू चौदाव्या मजल्यावरून किंचाळली, जणू काही लवूला ते ठाऊकच नव्हतं.

"उद्यापासून कामावर यायचं नाही," शेठ दात न उघडता म्हणाले. "मुहूर्त घालवलास माझा."

लवू होलापाशी वाकला. कादंबरी मदतीला खाली बसली, तशी तिला त्यानं हातानं थांबवलं. चेंडू त्यानं स्वतः काढला, गणवेशाच्या शर्टाला पुसला, सगळ्या बाजूंनी बघितला. मग काठी शेठच्या हातात दिली. अदबीनं, दोन्ही हातांनी, जसे तो चौतीस वर्षं साहेबांना त्यांचे हरवलेले चेंडू देत आला होता.

"घ्या शेठ," तो म्हणाला. "आता दुसरा नंबर तुमचा."